पाकीट फाटकं आलं, तरी घाबरू नकोस गं

अगं, आधी खाली बस बघू. ते पाकीट टेबलावर ठेव, वरचा पंखा बंद कर आणि चहाचा एक घोट घे. ज्या कागदांची घरात सगळे वाट बघत होते ते रेकॉर्ड ऑफिसकडून आले, पण आले ते असे. कोपरा फाटलेला, एक कड भिजलेली, आतला कागद बाहेर डोकावतोय आणि त्यावरचा आबांचा सर्व्हिस नंबर जाणाऱ्यायेणाऱ्यालाही वाचता येईल असा. पोटात गोळा आला असेल ना? येणारच. पण बघ, हे काम मोठं नाही, फक्त क्रमाने करायला हवं. आणि घरात ते क्रमाने करू शकणारी तूच आहेस, हे मला ठाऊक आहे.

आबा म्हणतेय ते सोयीसाठी. तुझे वडील असतील, सासरे असतील, नवरा असेल. किंवा फौजी आता राहिले नसतील आणि फॅमिली पेन्शनचे कागद तुझ्या आईच्या नावाने आले असतील. सांगायचं ते सगळ्यांना सारखंच.

आपल्याकडे अशी घरं कमी आहेत का? मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचं टपाल बेळगावहून येतं, बॉम्बे सॅपर्सचं खडकीहून, तोफखान्याचं नाशिक रोडहून, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरहून. नौसैनिकांचं मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडून आणि हवाई दलवाल्यांचं दिल्लीच्या सुब्रोतो पार्कहून. २०२१ पासून पेन्शनचा कारभार टप्प्याटप्प्याने 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर गेला, पीपीओ, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर, आता स्क्रीनवर दिसतो, हे खरं. तरीही मेडिकल बोर्डाच्या नोंदी, नावातल्या दुरुस्तीचे कागद, पार्ट टू ऑर्डरची प्रत, डिस्चार्ज बुकाबद्दलचा पत्रव्यवहार हे सगळं अजून खाकी पाकिटातूनच फिरतं. अपंगत्व पेन्शनसाठी आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलच्या मुंबई खंडपीठाकडे जायचं ठरलं, की मेडिकलचा चांगला जाडजूड गठ्ठा मागवावा लागतो. पातळ पाकीट, आत टाचण्या, वरून पावसाळा. खरं सांगू का, बहुतेक वेळा पाकीट कुणी मुद्दाम फोडलेलं नसतं, ते आपल्याच वजनाने फाटतं. तेव्हा पोस्टमनदादांवर संशय घेऊन दारात आवाज चढवू नकोस. पण 'असू दे, कागद तर मिळाले' म्हणून सोडूनही देऊ नकोस. कुणी वाचलंय की नाही ते आपल्याला कधीच कळणार नाही, म्हणून वाचलंय असं धरूनच चालायचं. काळजी वाढवायला नाही सांगत हे. असं एकदा धरलं, की काय करायचं ते आपोआप स्पष्ट होतं.

पाकीट अजून घेतलं नसशील, पोस्टमनदादा दारातच उभे असतील, तर सही करण्याआधी थांब. फाटलंय, ओलंय, चिकटपट्टी लावलीय, जे काही असेल ते त्यांच्यादेखत बघ आणि पोचेच्या कागदावर 'फाटलेल्या अवस्थेत मिळाले' असं लिहूनच सही कर. सही मोबाइलच्या पडद्यावर घेत असतील, तर त्याच दिवशी पोस्टात जाऊन लेखी दे. पाकीट अगदीच उघडं पडलं असेल, तर ते पोस्टमास्तरांसमोर उघडून आतल्या कागदांची यादी करावी अशी विनंती कर. नम्रपणे माग, पण माग. वाटेत फाटलेलं टपाल कधी कधी पोस्टातच दुसऱ्या पाकिटात घालून पुढे पाठवलेलं असतं, वर तसा शेराही असतो. तो शेरा तुझ्या कामाचा आहे.

मग फोटो काढ. पाकिटाच्या दोन्ही बाजू, फाटलेली कड, वरचे शिक्के आणि स्पीड पोस्टचा तो नंबर, दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी 'आयएन' असलेला. फोटो आधी, साफसफाई नंतर. आणि पाकीट फेकू नकोस गं! कितीही घाण झालेलं असलं तरी ते तुझा पुरावा आहे. एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेव. तक्रारीचं काम संपल्यावर त्यावरचं नाव, नंबर, पत्ता बारीक फाडूनच रद्दीत टाक.

आता ओल्या कागदांकडे वळ. चिकटलेली पानं ओढून सोडवू नकोस, शाईसकट पापुद्रा निघतो. इस्त्री नको, हेअर ड्रायर नको, कडक ऊनही नको. रबरी शिक्क्याची शाई पाण्याने आधीच पसरलेली असते, उन्हाने उरलीसुरलीही फिकटते. टेबलावर जुनी स्वच्छ सुती साडी अंथर, कुरडया वाळत घालतो तसे कागद सुटे सुटे मांड, फक्त सावलीत. पंखा लांबचा, हळू. ४८ तासांत ओल्या कागदावर बुरशी धरू लागते, म्हणून हे काम आजच व्हायला हवं. सगळाच गठ्ठा लगदा झाला असेल आणि तुला आज हात लावायला वेळ नसेल, तर तो तसाच पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेव. हसू नकोस, ग्रंथालयांत आणि अभिलेखागारांत भिजलेल्या कागदांसाठी हाच उपाय करतात, बुरशी थांबते आणि तुला उसंत मिळते. आणि वाळल्यावर लगेच लॅमिनेशन करायला धावू नकोस. मूळ कागद प्लॅस्टिकमध्ये बंद झाला की त्यावर पुढे शिक्का बसत नाही, सही होत नाही, आणि ते प्लॅस्टिक काढायला गेलीस तर कागदच फाटतो.

कागद मांडताना एक गोष्ट मात्र माझी ऐक. छापील बाजू खाली ठेव. मागच्या कोपऱ्यात पेन्सिलने बारीक आकडा घाल, एक, दोन, तीन. कारण सांगते थोड्या वेळाने.

वाळले की यादी कर. सोबतच्या पत्रात 'संलग्न' म्हणून जेवढे कागद लिहिलेत तेवढे आहेत का, पानांचे क्रमांक सलग आहेत का, एवढं आधी बघ. मग दुसरी यादी, आणि ती खरी महत्त्वाची. कागद नाही, माहिती मोज. फौजीच्या एका पाकिटात काय काय असतं याची आपल्याला कल्पना नसते. सर्व्हिस नंबर, रँक, जन्मतारीख, भरती आणि निवृत्तीची तारीख, अंगावरच्या ओळखीच्या खुणा, रक्तगट. किंड्रेड रोलमध्ये, म्हणजे कुटुंबाच्या नोंदीत, तर आईवडील, बायको, मुलं, सगळ्यांची नावं आणि जन्मतारखा. पेन्शनच्या कागदांवर पीपीओ नंबर, बँक खातं, पॅन, आधार, नवराबायकोचा जोडीचा फोटो आणि पुष्कळदा अंगठ्याचा, बोटांचा ठसाही. यातलं काय उघडं पडलं असू शकतं ते वहीच्या एका पानावर लिही. पान भरलं म्हणून घाबरू नकोस, प्रत्येकावर उपाय आहे.

आधारपासून सुरू कर. आधारचा नंबर किंवा ठसा उघडा पडला असेल, तर यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर जाऊन आबांचं बायोमेट्रिक लॉक कर. आधार आणि बोटाचा ठसा या दोहोंवर मायक्रो एटीएममधून खात्यातले पैसे निघतात, तिथे ओटीपी लागत नाही. २०२३ मध्ये जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उतरवून, त्यांचे नकली ठसे बनवून लोकांचे पैसे काढल्याची प्रकरणं वेगवेगळ्या राज्यांत उघडकीस आली. म्हणून ठशाचा कागद मी सगळ्यांत आधी धरते. लॉक केलं की तो मार्ग बंद. फक्त एक ध्यानात ठेव, हयातीचा दाखला ठशाने किंवा चेहरा दाखवून द्यायचा असेल तेव्हा ते लॉक तेवढ्यापुरतं उघडावं लागतं, नाहीतर आबा 'मशीन मला ओळखतच नाही' म्हणून चिडून घरी येतील. त्याच संकेतस्थळावर गेल्या सहा महिन्यांत आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याची नोंदही दिसते, ती एकदा डोळ्यांखालून घाल. काही अडलं तर १९४७ हा त्यांचा मदतीचा क्रमांक आहे.

बँकेत प्रत्यक्ष जा. नुसत्या खाते क्रमांकावर कुणी पैसे काढू शकत नाही, एवढा धीर धर. पण शाखेत सांगून ठेव की कागद उघडे पडलेत, मोबाइल किंवा पत्ता बदलायचा अर्ज आला तर आधी आम्हाला विचारा. आधारवरून पैसे काढायची सोय आबा वापरत नसतील, तर ती बंद करता येते का तेही विचार. दर व्यवहाराचा मेसेज कुणाच्या मोबाइलवर येतो ते तपास. पुष्कळ घरांत तो अजून जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर जात असतो. पॅन उघडा पडला असेल तर काही आठवड्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून बघ, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. आबांच्या नावाने कुणी कर्ज काढलंय का ते त्यात कळतं. आणि 'संचार साथी'वर जाऊन त्यांच्या नावाने किती सिमकार्डं चालू आहेत ते बघ. आपलं नसलेलं दिसलं, तर तिथल्या तिथे कळवता येतं.

पण सगळ्यांत जपायचं ते फोनला. समोरचा माणूस अदबीने बोलतो. "साहेब, जय हिंद, आपला सर्व्हिस नंबर अमुक, पीपीओ अमुक, आपण अमुक साली निवृत्त झालात, आपली पेन्शन पुढच्या महिन्यापासून थांबतेय, एक ओटीपी आलाय तेवढा सांगा." इतकी खरी माहिती ऐकली की माणूस विश्वास ठेवतोच. फौजी तर आणखी ठेवतात, कारण त्यांच्या आयुष्यात नंबर आणि रँक सांगणारा माणूस नेहमी आपलाच असायचा. अशा फोनांबद्दल सरकारी खात्यांनी पेन्शनधारकांना वेळोवेळी सावध केलंय. म्हणून आबांना शांतपणे, त्यांचा मान राखून समजावून सांग: पेन्शन कार्यालय असो, बँक असो की सैनिक कल्याण कार्यालय, फोनवर ओटीपी कुणीही मागत नाही. ज्याने नंबर बरोबर सांगितला तो खरा, असं आता मानायचं नाही. फोन ठेवायचा आणि आपण स्वतः कार्यालयात फोन लावायचा. टेलिफोनजवळ, देवघराशेजारी, जिथे त्यांची नजर जाते तिथे सायबर फसवणूक कळवायचा १९३० हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटव. पैसे गेल्याचं कळलं, तर त्या क्षणी तिथे कळवायचं, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. जितक्या लवकर कळवू तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

आता पत्र लिहायचं. तोंडी तक्रारीवर थांबू नकोस, पाठवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला लेखी कळव. फार मोठं नको, एक पानभर पुरे. अमुक तारखेला अमुक क्रमांकाचं स्पीड पोस्ट फाटलेल्या आणि ओल्या अवस्थेत मिळालं, फोटो सोबत जोडले आहेत. इतके कागद मिळाले, इतके मिळाले नाहीत, यांतले अमुक वाचता येत नाहीत, त्यांची पुन्हा प्रत द्यावी. आणि शेवटी हे वाक्य नक्की घाल: 'पाकिटातील वैयक्तिक माहिती त्रयस्थाने पाहिली असण्याची शक्यता आहे. तरी माझ्या नोंदीत पत्ता, मोबाइल, बँक खाते किंवा नॉमिनी बदलण्याचा अर्ज आल्यास माझ्याशी खात्री करूनच कार्यवाही करावी.' सही आबांची, तुझी नाही. एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देऊन पोच घे. तिथली माणसं पुष्कळदा स्वतः माजी सैनिक असतात, कोणत्या रेकॉर्डला काय लिहायचं ते त्यांना तोंडपाठ असतं, त्यांची मदत घ्यायला लाजू नकोस. मूळ कागदच गहाळ असेल, तर पोलीस ठाण्यात तशी नोंद करून तिची प्रत जवळ ठेव. दुसरी प्रत मागताना ती लागते.

टपाल खात्याकडेही तक्रार कर, १८०० २६६ ६८६८ हा त्यांचा मोफत क्रमांक आहे, ऑनलाइनही करता येते. भरपाईची मात्र फार आशा धरू नकोस. २०२३ चा टपाल कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला, त्यात खात्याची जबाबदारी नियमांत ठरवून दिली असेल तेवढीच. माहिती फुटल्याचं मोल त्यात कुणी करत नाही. तक्रार करायची ती लेखी नोंद राहावी म्हणून. उद्या काही उद्भवलं, तर अमुक दिवशी पाकीट फाटून आलं होतं हे सांगायला तुझ्या हातात कागद हवा.

कायद्याचं म्हणशील तर, २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखाने निकाल दिला. आबांनाही तो हक्क आहे, वर्दी चढवली म्हणून तो गेला नाही आणि उतरवली म्हणूनही नाही. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदाही आलाय, पण नावाप्रमाणे तो डिजिटल माहितीचा. कागदी पाकिटाला तो सरळ लागत नाही. म्हणून म्हणते, कायद्याच्या भरवशावर हात जोडून बसू नकोस, आपले उपाय आपण करायचे.

आता ते छापील बाजू खाली ठेवण्याचं. ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त जवळची आहे, म्हणून जरा नीट ऐक.

मेडिकल बोर्डाच्या कागदांत माणूस पूर्ण उघडा असतो गं. कुठे लागलं, कसं लागलं, किती टक्के अपंगत्व, एवढंच नाही. झोप लागत नव्हती, दारू किती होत होती, मानसोपचाराच्या वॉर्डात किती दिवस काढले, वरिष्ठांनी काय शेरा मारला, हेही त्यात असू शकतं. आबांनी तीस वर्षं घरात जे कुणाला सांगितलं नाही, ते त्या भिजलेल्या पानावर टाइप केलेलं असेल. पाकीट फाटलं म्हणून ते वाचायचा हक्क पोस्टातल्या माणसाला मिळत नाही, शेजाऱ्याला मिळत नाही, आणि खरं सांगू का, तुला आणि मलाही मिळत नाही. मानसिक आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेच दिलाय, एचआयव्हीबद्दलचाही वेगळा कायदा त्याच वर्षीचा आहे. मग आपण घरातल्यांनी तरी तो पाळायला नको?

आबांची नजर आणि हात चालत असतील, तर वाळलेले कागद त्यांच्या पुढ्यात ठेव आणि यादी त्यांनाच करू दे. तू लिहून घे, ते सांगतील तेवढंच. नजर चालत नसेल तर विचार, "आबा, मी वाचू का, की दादाला बोलावू?" काही बाप मुलीला वाचू देतील आणि मुलाला नाही, काहींचं उलट. निवड त्यांची. आणि वाचताना काही असं समोर आलं की तुझे डोळे भरले, तर त्या क्षणी प्रश्न विचारू नकोस. यादी पूर्ण कर, फाइल बंद कर, जेवायला वाढ. बोलायचं असेल तर ते आपणहून बोलतील, नाही बोलले तरी तो त्यांचा हक्कच आहे. आईलाही लगेच जाऊन सांगू नकोस. इतक्या वर्षांच्या संसारात त्या दोघांनी काय बोलायचं आणि काय झाकायचं हे ठरवलेलं असतं, त्यात आपण पडायचं नाही.

म्हणूनच गावच्या माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'हे बघा काय अवस्थेत टपाल आलं' म्हणून फोटो टाकायला मी तुला सक्त मनाई करतेय. राग समजतो मला. पण पाकिटाचा फोटो टाकलास की नंबर गेला, कागदाचा टाकलास की सगळं गेलं. साताऱ्याकडे मिलिटरी अपशिंग्यासारखी गावं आहेत, जिथे घराघरात फौजी. अशा गावात कुणाच्या अपंगत्वाचे किती टक्के मंजूर झाले, कुणाच्या कागदात कोणता आजार लिहिला, हे संध्याकाळपर्यंत पारावर पोचतं. सगळे आपलेच असतात, म्हणून तर जास्त लागतं.

झेरॉक्सच्या दुकानाचंही तेच. त्या पोराच्या व्हॉट्सॲपवर कागद पाठवून प्रिंट काढतो आपण आणि निघून येतो. कागद त्याच्याकडे राहतातच. शक्यतो मूळ कागद नेऊन समोर उभं राहून प्रत काढ. पाठवावाच लागला, तर काम झाल्यावर तुझ्या समोर त्याला पुसायला लाव, फोनमधूनही आणि कॉम्प्युटरमधूनही. खराब निघालेल्या प्रती तिथल्या डब्यात टाकू नकोस, घरी आण. प्रत देताना तिच्यावर तारीख आणि 'केवळ अमुक कामासाठी' असं आडवं लिही. आधारची प्रत मागितली तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क आधार चालतं का ते आधी विचार.

आणि बघ, कधी उलटंही होतं. आपल्या फाटक्या पाकिटात दुसऱ्याच कुणा फौजीचा कागद येतो. तसा निघाला तर नाव आणि सर्व्हिस नंबर, एवढंच बघ. पुढे वाचू नकोस, फोटो काढू नकोस, 'यांना कुणी ओळखतं का' म्हणून ग्रुपवर टाकू नकोस. वेगळ्या बंद पाकिटात घालून रेकॉर्ड ऑफिसला किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दे आणि पोच घे. आपल्या आबांचा एखादा कागद कदाचित अशाच कुणा घरी पोचला असेल. तिथल्या सुनेने कसं वागावं असं तुला वाटतं, तशी तू वाग.

पुढच्यासाठी दोन गोष्टी सांगून ठेवते. तू काही पाठवशील तेव्हा मूळ कागद पाठवू नकोस, साक्षांकित प्रत पाठव. मूळच मागितला असेल तर आधी स्वतःकडे त्याची स्वच्छ प्रत ठेव. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी कापडी अस्तराच्या जाड पाकिटात. वर नाव आणि पत्ता पुरे. 'पेन्शनचे कागद', 'मेडिकल' असं काही मोठ्या अक्षरांत लिहू नकोस. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, तेव्हा खिडकीवर नोंदणीची आणि ओटीपी घेऊनच टपाल हाती देण्याची जास्तीची सोय माग. कार्यालय जवळ असेल तर सरळ हातात नेऊन दे, त्याहून सुरक्षित काही नाही.

आणि घरातली फाइल नीट लाव. १२ जुलै १९७३ ला अमेरिकेत सेंट लुईसच्या सैनिकी नोंदींच्या इमारतीला आग लागली. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फाइली गेल्या आणि त्यांच्या दुसऱ्या प्रती कुठेच नव्हत्या. ज्या वाचल्या त्या आग विझवायच्या पाण्याने भिजलेल्या, बुरशी धरू लागलेल्या. त्या वाळवायला विमानांच्या कारखान्यातली निर्वात कोठी वापरावी लागली. पुढे किती माजी सैनिकांना आपण नोकरी केली हे पगाराच्या जुन्या पावत्यांवरून सिद्ध करावं लागलं. तेव्हा सरकारकडे कागद आहे म्हणून आपण निर्धास्त राहायचं नाही. डिस्चार्ज बुक, पीपीओ, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड, सगळ्याची एक प्रत घरी, कुलपात. स्पर्शच्या खात्यातून पीपीओ उतरवून ठेव, पासवर्ड मात्र आबांच्या वहीत, तुझ्या फोनच्या नोट्समध्ये नाही. आणि फाइल कुठे आहे हे आबांखेरीज घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असू दे, त्यांच्याच परवानगीने.

झालं. एवढंच आहे सगळं. एका दिवसात होणार नाही, आणि व्हायलाही नको. आज कागद वाळव, यादी कर आणि बायोमेट्रिक लॉक कर. उद्या बँक आणि पोस्ट. परवा सैनिक कल्याण कार्यालय. मध्येच मुलांचा डबा आहे, सासूबाईंची औषधं आहेत, मला माहीत आहे. त्यातूनही तू हे करशील, कारण आतापर्यंतची सगळी कामं तूच मार्गी लावलीस. फक्त ते रेकॉर्ड ऑफिसचं पत्र उद्यावर ढकलू नकोस. आज रात्री जेवणं झाली की आबांशेजारी बस, त्यांना विचारून लिही, त्यांना वाचून दाखव आणि त्यांची सही घे. कागद त्यांचे आहेत, त्यातलं आयुष्य त्यांचं आहे, तेव्हा शेवटचा शब्दही त्यांचाच असू दे.